नऊ ठोके आणि चार कंट्रोलर

मला संगणकातलं कळतं. हे मी गर्वानं सांगत नाही. गर्व मी दर मंगळवारी सोडते, आणि ही गोष्ट बुधवारची आहे.

वेस्टरहोल्मच्या चर्चमध्ये मी चौदा वर्षं सेविका आहे. मेणबत्त्या लावणं, पायऱ्यांवरचा बर्फ झाडणं, बाप्तिस्म्याचं पाणी बाळाला हुडहुडी भरणार नाही इतपत कोमट करणं, ही माझी कामं. प्रिंटरनं कागद गिळला तर त्याच्या घशातून तो ओढून काढणं हेही माझंच. सभागृहाच्या कपाटातल्या जुन्या संगणकाशी माझं इतकं जमतं, की तो बंद पडताना आधी माझी परवानगी घेतो असं मला वाटायचं.

तर एप्रिलमध्ये मी ट्यूराला म्हटलं, "तुला मनोऱ्यावर चढवत नाही ना? काळजी करू नकोस. मी मनोराच खाली आणते."

"कुठे ठेवशील?" ट्यूरानं विचारलं.

ट्यूरा बुंडगोर एकोणऐंशी वर्षांची. आमच्या मनोऱ्यात चोवीस घंटा आहेत. सगळ्यात लहान फुलदाणीएवढी आणि सगळ्यात मोठी अशी, की तिच्या पोटात दोन माणसं उभी राहून भांडू शकतील. प्रत्येकीला विजेवर चालणारा हातोडा आहे. पण त्या हातोड्यांच्या कळा मनोऱ्यात वर, शहाण्णव पायऱ्या चढून गेल्यावर. एकेचाळीस वर्षं ट्यूरा रोज सकाळी त्या चढली. आठ वाजता मोठ्या घंटेचे नऊ ठोके: तीन, मग प्रार्थनेपुरती शांतता, पुन्हा तीन, पुन्हा शांतता, पुन्हा तीन. त्यानंतर बाकीच्या घंटांवर एक स्तोत्र. गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांनी चाळिसाव्या पायरीवर संप पुकारला. बोटं तर आधीपासूनच आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. तेव्हापासून नऊ ठोके मीच वर जाऊन देत होते. स्तोत्र बंद.

चर्चच्या मंडळाला यावर एक उपाय सापडला. आपोआप वाजणारी पेटी. चाळीस स्तोत्रं भरलेली, घड्याळाला जोडलेली.

मंडळाचा अध्यक्ष पाले म्हणाला, "पेटीला गुडघे नसतात."

पाले डुकरं पाळतो. सरळ माणूस आहे. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठच्या ठोक्याला ट्यूरा स्वयंपाकघरातला रेडिओ लावायला लागली, खिडक्या थरथरतील इतक्या मोठ्यानं. एकेचाळीस वर्षं गावाला जागं करणारी बाई, आणि आता आपल्या घंटा कानावर पडू नयेत म्हणून हवामानाचा अंदाज ऐकत बसायची. ते मला बघवलं नाही. मी मंडळाकडे गेले आणि एक संधी मागितली.

"एक बुधवार," पाले म्हणाला. "आम्ही येऊन ऐकतो. ट्यूराला खालून नीट वाजवता आलं तर ट्यूरा. नाही तर पेटी."

मग मी ते सॉफ्टवेअर आणलं. वापरायला अगदी सोपं. पडद्यावर डावीकडे तुमची उपकरणं दिसतात: कीबोर्ड, माऊस, खेळायचा कंट्रोलर. उजवीकडे तुम्हाला जे हलवायचं असेल ते, म्हणजे माझ्या बाबतीत चोवीस घंटा. मध्ये रेघा ओढायच्या. ही कळ दाबली की ही घंटा. स्वेटरचा नमुना वाचता येणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल. मी दोन संध्याकाळींत तेवीस लहान घंटा कीबोर्डला जोडल्या आणि ट्यूराला बोटाच्या पेरानं दाबता याव्यात म्हणून कळांवर लाकडी बटणं चिकटवली. माऊसला आवाज जोडला: पुढे सरकवला की हातोडा जोरात, मागे ओढला की हळू. आणि मोठी घंटा कंट्रोलरला. तो हातात धरून नुसता झटका द्यायचा, की वर मनोऱ्यात ठोका. ट्यूराची बोटं गेली होती, पण दंड अजून शाबूत होता.

कंट्रोलर मात्र आमचा नव्हता. तो ज्येष्ठ मंडळाचा.

आमचं ज्येष्ठ मंडळ दर बुधवारी दहा वाजता सभागृहात टीव्हीवर बोलिंग खेळतं. कंट्रोलर हातात धरून चेंडू फेकल्यासारखा हात फिरवायचा, पडद्यावर चेंडू घरंगळत जातो आणि दहा बाटल्या पाडतो. खेळही कपाटातल्या त्याच संगणकावर चालतो. चर्चकडे दुसरा आहे कुठे? त्यांच्याकडे चार कंट्रोलर आहेत: पांढरा, पिवळा, हिरवा आणि निळा. निळा भाग्याचा समजला जातो, त्यामुळे त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद आहे. ट्यूराला यातला एक द्यायचा म्हटल्यावर रीतसर सभा झाली. दीड तास. कॉफी दोनदा. शेवटी मतदानानं ठरलं, की कुणा एकावर अन्याय नको. दर आठवड्याला वेगळा कंट्रोलर द्यायचा, पाळीपाळीनं.

सॉफ्टवेअरनं मला विचारलं, "कोणता कंट्रोलर?"

आता मी एकाचं नाव लिहिलं असतं तर पुढच्या आठवड्यात रेघा पुन्हा ओढा, आणि वर पक्षपात केल्याचा ठपका. खाली एक चौकोन होता: "कोणताही चालेल." मी त्यात बरोबरची खूण केली. इतकी न्यायाची खूण मी आयुष्यात केली नव्हती. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या पायी.

सकाळी जाग आल्यापासून आठचे नऊ ठोके पुरे होईपर्यंत मी बोलत नाही. दिवसाचे पहिले शब्द देवाच्या घंटेनंतरच निघावेत, एवढंच. पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या लिहायचे. ईस्टरआधीच्या उपवासात एकदा मोजल्या तर एका सकाळीच अकरा भरल्या, त्यातली एक दीड पानांची. हे मौन नव्हे, हा पत्रव्यवहार झाला. तेव्हापासून चिठ्ठ्याही बंद. नेम कुणाला सांगायचा नसतो म्हणून सांगितलेला नाही. आमच्या गावात सकाळी न बोलणाऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. उलट आभार मानतात.

पालेनं परीक्षा पावणेआठला ठेवली, कारण नऊला त्याच्याकडे जनावरांचा डॉक्टर यायचा होता. मला काहीच अडचण वाटली नाही. आठला ट्यूरा नऊ ठोके देईल, माझं तोंड उघडेल, मग काय समजावून सांगायचं ते सांगेन.

बुधवारी सभागृहाला लागून असलेल्या छोट्या खोलीत सगळे जमले. मंडळाचे पाच जण एका बाजूला, ट्यूरा टेबलाशी, मी दाराजवळ. मंडळावर मी कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी आहे. बोलायचा हक्क आहे, मताचा नाही. ट्यूरानं सणावारी घालायचा निळा ब्लाउज घातला होता आणि केस धुतले होते. ती नुसती वाजवायला आलेली नव्हती.

पालेनं पावांची टोपली आणली होती. खसखस लावलेले गरम पाव, लोणी, चीज. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि जागा व्हावी म्हणून पुढे रेटली. टोपलीबरोबर माऊसही पुढे गेला. अगदी शेवटपर्यंत. ते मी तेव्हा पाहिलं नाही. मी डोळे मिटून प्रार्थना करत होते.

आठ वाजले. ट्यूरानं पांढरा कंट्रोलर उचलला आणि झटका दिला.

ठोका असा पडला की टोपलीतली खसखस उडाली.

"बाप रे," पाले म्हणाला.

दुसरा. तिसरा. ट्यूरानं हात खाली घेतला. शांतता. मी मनात प्रार्थनेची पहिली ओळ सुरू केली, आणि चौथा ठोका पडला. लगेच पाचवा.

पालेनं पाव तोंडाशी नेता नेता थांबवला. "तीनच असतात ना?"

"तीनच," ट्यूरा म्हणाली. ती कंट्रोलरकडे बघत होती. "मी हलवला नाही."

"हात थरथरला असेल."

"माझा हात थरथरत नाही, पाले. दुखतो. दोन्हींत फरक आहे."

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मध्येच दोन आगंतुक आले. बारापर्यंत मी मोजलं. मग ट्यूरानं कंट्रोलर टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली.

घंटा वाजली.

"तुझे हात मांडीवर आहेत," पाले म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग वाजवतंय कोण?"

"वरती बघून मला विचारू नकोस."

मला मात्र त्या क्षणी लख्ख समजलं. भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज आला. आज बोलिंग दहाला नव्हतंच. आज शेजारच्या ओस्टरहोल्म गावच्या ज्येष्ठांशी इंटरनेटवरून सामना होता आणि त्यांना दहा वाजता पाय तपासून घ्यायला जायचं असल्यामुळे तो आठलाच सुरू झाला होता. पिवळा, हिरवा, निळा: तीन कंट्रोलर, आणि माझी ती न्यायाची खूण. पलीकडे कुणीही चेंडू फेकला की वर मनोऱ्यात ठोका.

एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. पण नऊ ठोके पुरे झाले नव्हते. सोळा झाले होते, त्याला नऊ म्हणता येत नाही.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. हात फिरवून चेंडू फेकला. मग वर बोट दाखवलं.

पाले विचारात पडला. "भिंत… पाडायची?"

"तिला खिडकी उघडायची असेल," मंडळातली एक बाई म्हणाली. "कोंदट झालंय खरं." तिनं खिडकी उघडली. आता घंटा आणखी मोठ्यानं ऐकू यायला लागली.

मी दाराकडे धावले, तर समोरून विबेके आत आली. विबेकेचं चौकात फुलांचं दुकान आहे. तिच्या अंगावर अजून दुकानातला ॲप्रन होता आणि डोळे लाल.

"किती वाजता गेली?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली. तिनं मला मिठी मारली.

"कोण गेली?" आतून पालेनं विचारलं.

"ट्यूरा. बेकरीवाल्यानं इतकी घंटा ऐकून आधी झेंडा पार वर चढवला, त्याला वाटलं राजवाड्यात बाळ झालं. पण हेल्गेमास्तरांनी आपला अर्ध्यावर उतरवला. ते म्हणाले, नवाच्या वर ठोके म्हणजे आनंदाची बातमी नव्हे, आणि आज ट्यूराच्या घरी रेडिओही वाजत नाहीये. आता सगळ्या रस्त्यानं अर्ध्यावर आणलेत." एवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि तिला टेबलाशी बसलेली ट्यूरा दिसली. "अगं. तू इथे."

"हो," ट्यूरा म्हणाली. "अजून इथेच."

"मी पांढऱ्या लिली बाजूला काढून ठेवल्या."

"पाण्यात ठेव. लागतील."

पंचवीस झाले होते. मी विबेकेच्या मिठीतून सुटले आणि सभागृहात शिरले.

आत टीव्ही पूर्ण आवाजात चालू होता, कारण सगळ्यांनी कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली होती. गलक्यात ती शिट्ट्या मारतात. ज्येष्ठ मंडळाचा म्होरक्या एबे, वय चौऱ्याऐंशी, पूर्वी फेरीबोटीवर कप्तान होता. त्यानं निळ्या कंट्रोलरनं चेंडू फेकला. वर ठोका. सगळे ओरडले.

"ये सिसेल," तो म्हणाला. "आठ गुणांनी मागे आहोत. ट्यूराची परीक्षा ना आज? इथपर्यंत ऐकू येतंय. जोरात वाजवतेय पोरगी."

मी दोन्ही हात जोडून त्याच्यापुढे धरले.

"तुलाही खेळायचंय? मग आधी सांगायचं की. घे." त्यानं माझ्या हातात हिरवा कंट्रोलर कोंबला.

मी जोरजोरात हात हलवून नको म्हटलं. वर मनोऱ्यात घंटेनंही चार वेळा नको म्हटलं.

"हात चांगला आहे तुझा," एबे म्हणाला, "पण मनगट सरळ ठेव."

मी थांबा, थांबा अशी खूण केली. आणखी दोन ठोके. एबेच्या मागच्या बाईनं ती कसरत समजून माझ्याबरोबर हात हलवायला सुरुवात केली, तिच्या हातात पिवळा होता. मी खेळात डाव गमावला असं पडद्यावर लिहून आलं आणि ओस्टरहोल्मला चार गुण मिळाले. आता ज्येष्ठ मंडळ माझ्याकडे पूर्वीच्या प्रेमानं बघेना.

संगणकातला तो चौकोन रिकामा करायचा तर चालू सामना बंद करावा लागला असता, आणि ते एबेनं करू दिलं नसतं. बोलल्याशिवाय हे सुटणार नव्हतं, आणि खुणा करायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते. मी कंट्रोलर लोकरीच्या जाकिटाच्या खिशात टाकला आणि छोट्या खोलीकडे परत पळाले, निदान पालेला ओढत कपाटातल्या संगणकापाशी आणावं म्हणून. पळताना घंटा वेड्यासारखी वाजत होती. पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस. मी दारात थांबले, घंटा थांबली. एक पाऊल टाकलं: अठ्ठेचाळीस. आणखी एक: एकोणपन्नास.

मग मला कळलं. खिशात. घंटा माझ्याच खिशात होती. तो काढायला हात घातला तर पन्नास. मी जागच्या जागी गोठले, श्वाससुद्धा बेताबेतानं घ्यायला लागले.

ट्यूरा उठून उभी राहिली होती. तिनं पर्स खांद्याला लावली होती.

"जाऊ दे, पाले," ती म्हणाली. "तुझी पेटी आण. तिला निदान मोजता येतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पालेनं हातावरची खसखस झटकली. त्याचंही तोंड उतरलं होतं, पण तो नियमानं चालणारा माणूस. "मग ठराव असा, की पेटी घ्यायची." पलीकडून कुणीतरी चेंडू फेकला: एक्कावन्न. "चर्चा झाली आहे असं समजतो." बावन्न. "कुणाचा विरोध?"

आमच्या मंडळात कुणी बोललं नाही तर ती संमती. चौदा वर्षं मी तिथे गप्प बसून कितीतरी गोष्टींना संमती दिली आहे: नव्या पायपोसांना, जुन्या छपराला. पालेनं सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं.

पलीकडून आणखी एक पडला. त्रेपन्न.

मी नऊचा पाढा लहानपणी शिकले आणि त्यानंतर त्याचा मला कधीच उपयोग झाला नव्हता. नऊ पाचे पंचेचाळीस. तो मघाशी धावताना हातचा गेला. नऊ सक चोपन्न. चोपन्न म्हणजे नऊ ठोके, सहा वेळा. एका दिवसाचेच नव्हे, पुढच्या सोमवारपर्यंतचे पुरे होतात. यावर वर काय मत आहे ते मला माहीत नाही, विचारायला वेळ नव्हता.

"विरोध नसल्यास—" पाले म्हणाला.

मी मंडळासमोर दोन्ही पाय जुळवून एक उडी मारली.

ठोका पडला.

"माझा विरोध आहे," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. उडीमुळे की बोलण्यामुळे, सांगता येत नाही. सकाळी त्या खोलीत माझा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"तुला मत नाही, सिसेल," पाले म्हणाला.

"मत नाही, तोंड आहे. ट्यूरानं एकही ठोका चुकवलेला नाही. चूक माझी आहे. भिंतीपलीकडे सामना चाललाय, आणि मी संगणकाला सांगून ठेवलंय की कंट्रोलर कुणाचाही चालेल. पिवळा चालेल, निळा चालेल, आणि हिरवा माझ्या खिशात आहे." मी तो काढून दाखवला. घंटा वाजली. "बघा."

पाले कंट्रोलरकडे, मग छताकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि हे तू आत्ता सांगतेस? अर्धा तास नाचत होतीस ती?"

"आधी सांगता येत नव्हतं."

"का?"

मी त्याला माझा नेम सांगितला. चौदा वर्षांनी पहिल्यांदा.

ट्यूरानं पर्स खाली ठेवली. "म्हणजे तू हे देवासाठी करत होतीस? मला वाटायचं तू मुळात सकाळी छान असतेस."

सगळी मिरवणूक सभागृहात गेली. पालेनं एबेला कानाशी वाकून कंट्रोलर खाली ठेवायला सांगितलं.

"जमणार नाही," एबे म्हणाला. "शेवटचा चेंडू राहिलाय. सगळ्या बाटल्या पडल्या तर आपण, नाही तर ओस्टरहोल्म."

पालेनं टीव्हीकडे बघितलं. ओस्टरहोल्मच्या लोकांनी त्याच्या बापाची रानातली कुंपणं हलवली होती, असं तो अजून सांगतो. "फेक," तो म्हणाला. "चर्च थांबेल."

एबेनं निळा कंट्रोलर दोन्ही हातांनी छातीशी धरला, तीन पावलं टाकली आणि फेकला. मनोऱ्यात एकच गंभीर ठोका पडला. दहाही बाटल्या आडव्या. मग जो गलका झाला त्यात मंडळाच्या अध्यक्षांनी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते मी सांगणार नाही.

नंतर तीनही कंट्रोलर पावाच्या टोपलीत ठेवून मी ती बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली, अगदी हळू, हात न हलवता. कपाटातल्या संगणकाचा तो चौकोन रिकामा केला आणि फक्त पांढऱ्याचं नाव लिहिलं. माऊस मागे ओढला.

ट्यूरा बसली. तीन ठोके. शांतता. तीन. शांतता. तीन. कुणीही मोजून बघा, नऊ. मग तिनं दोन्ही मुठी कीबोर्डवर आणल्या आणि पेरांनी सकाळचं स्तोत्र सुरू केलं.

दुसऱ्या ओळीत ती एक सूर चुकते. एकेचाळीस वर्षं तोच, तिथेच. गावातल्या मुलांना ते स्तोत्र तसंच पाठ आहे. आपली मुलं शहरात जाऊन ते बरोबर ऐकतात तेव्हा त्यांना चुकल्यासारखं वाटतं. ती आजही चुकली.

उघड्या खिडकीतून चौक दिसत होता. लोक सायकली धरून उभे होते. तो चुकलेला सूर पडला आणि सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. हेल्गेमास्तर आपल्या काठीशी गेले आणि त्यांनी दोरी सोडली. त्यांचा झेंडा वर सरकला. मग बेकरीवाल्याचा. मग रस्त्याच्या शेवटापर्यंत एकेक करत सगळे.

पाले खिडकीशी उभा राहून ते बघत होता. स्तोत्र संपेपर्यंत त्यानं पाव खाल्ला नाही.

"पेटीत हा सूर असतो का?" त्यानं मला विचारलं.

"पेटी बरोबर वाजवते," मी म्हटलं.

"मग कशाला हवी?"

पेटीचा ठराव मागे घेतला गेला. दुसरा मांडला: ट्यूरा बुंडगोर खालून रोज घंटा वाजवील, जोवर तिला वाजवावीशी वाटेल तोवर. पाच हात वर. ट्यूरा खिडकीबाहेर बघत राहिली आणि बराच वेळ तिला नाक शिंकरायचं होतं.

मग ती म्हणाली, "माझी एक अट आहे."

"बोल," पाले म्हणाला.

"त्या कपाटातल्या संगणकाला यापुढे सिसेलनं हात लावायचा नाही. तिचं मन सोन्यासारखं आहे, पण कुणीतरी दुसरं बघा."

एबेनं स्वतःचं नाव सुचवलं. पालेनं हात वर करायला सांगितलं. पाचही जणांनी केले. मी खोटं बोलत नाही, तोही माझा नेमच आहे. म्हणून मीही माझा हात वर केला.

"सहा," पालेनं मोजलं, आणि वहीत लिहून घेतलं. मंडळात माझं मत मोजलं गेलं ते आजवर एवढंच.